कळंबच्या पाण्यातल्या विजूताई

दुपारी बँकेत डबा उघडत होते, तेवढ्यात फोन आला. स्मिताचा. ही विजूताईंच्या भाच्याची, नितीनची बायको. "नंदाताई, आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली आणि मग फोनमधून नुसती घरातल्या माणसांची कुजबुज ऐकू येत राहिली... सकाळी आलं घातलेला चहा मागितला होता म्हणे. स्मिता कप घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं. मी डब्याला झाकण लावून टाकलं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं, "नात्यातल्या होत्या का गं?" नात्यातल्या नव्हत्या. वसईच्या एका शाळेत खेळाच्या बाई होत्या, पण मी त्यांची विद्यार्थिनीही नव्हते. "ज्यांनी मला समुद्रात नेलं, त्या," असं म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं?

आम्ही रत्नागिरीकडचे. वडिलांची नोकरी मुंबईत, म्हणून नव्वदच्या सुमाराला विरार पूर्वेला चंदनसारला दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लहानपणीच्या पोलिओने माझे दोन्ही पाय गेलेले. पायांना पट्ट्यांनी बांधायचे कॅलिपर आणि कुबड्या यांच्यावर माझं चालणं. एकदा बाजारात भाजीच्या टोपल्यांमधून वाट काढत चालले होते, तर एक उंच, सावळी बाई समोर उभी राहिली. अनोळखी माणसं मला हमखास विचारत, "कधीपासून असं?" नाहीतर, "औषध नाही का काही?" या बाईने विचारलं, "तुला पोहता येतं का?" मला वाटलं, थट्टा करतायत. मी रागाने पुढे निघाले, तर पिशवी माझ्या हातातून काढून घेत त्या सोबत चालायलाच लागल्या. घरापर्यंत आल्या, दोन मजले चढल्या आणि आईसमोर बसून म्हणाल्या, "मे महिन्यात कळंबला आमचं शिबिर असतं. हिला पाठवा."

आई हादरलीच. "अहो, हिला धड उभं राहता येत नाही. पाण्यात काय करणार ही?"

"पाण्यात उभं कोण राहतं?" विजूताई म्हणाल्या.

"आम्ही नेतो की तिला. रिक्षातून समुद्र दाखवून आणतो."

"दाखवता. पण ओली होते का ती?"

आई चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. शेवटी एका अटीवर तयार झाली. तीही माझ्याबरोबर येणार होती.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला कळंबला, पार किनाऱ्याला लागून विजूताईंच्या कुणा नातलगाची नारळाची वाडी होती. वाडीपुढे सुरूची झाडं आणि त्यांच्यापुढे समुद्र. शिबिराची सुरुवात प्रार्थनेने किंवा दीपप्रज्वलनाने होईल असं मला वाटलं होतं. पण विजूताईंनी मला आल्याआल्या कोकम सरबताचा मोठा पेला दिला. मी म्हटलं, "तहान नाही." खरं तर घसा कोरडा पडला होता. पण मी घराबाहेर पडले की पाणी पीतच नसे. शाळा असो, लग्न असो, दवाखाना असो. कुठलाही संडास माझ्यासारखीला जमेल असा नसायचा. हे मी कधी आईलासुद्धा शब्दांत सांगितलं नव्हतं. विजूताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि "चल" म्हणून वाडीच्या कडेला घेऊन गेल्या. झावळ्यांचा आडोसा, आत सुताराकडून करून घेतलेली बसायची उंच खुर्ची, दोन्ही बाजूंना धरायला बांबू, खाली फरशी. "बसून बघ. जमतंय?" मी मान हलवली. "मग आता सरबत पी." मी दोन पेले प्यायले. त्या दिवशी मला रडू आलं ते समुद्र बघून नाही, त्या बांबूंना धरून.

त्यांच्या शिबिरात काय नव्हतं? आम्ही बसून कबड्डी खेळायचो. ज्यांना दिसत नव्हतं त्यांच्यासाठी दोन सुरूंच्या मध्ये लांबलचक दोर बांधलेला असे आणि दोरात ओवलेली एक लोखंडी कडी. कडी हातात धरायची आणि धावत सुटायचं. नायगावचा सतीश जन्मांध होता. तोवर आयुष्यात कधीच जोरात धावलेला नव्हता, कारण पुढे काय आहे ते कोण सांगणार? पहिल्या दिवशी तो दोरावरून इतका धावला की शेवटी वाळूत आडवा पडून नुसता हसत राहिला... आणि पाण्यात जायला होती ती 'म्हैस'. वेताच्या खुर्चीखाली ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूब बांधून केलेली गाडी. वाळूवरून ओढत न्यायची आणि थेट लाटांत घालायची. एकदा पाण्यात गेली की बाहेर यायचं नाव घेत नाही, म्हणून तिचं नाव म्हैस.

म्हशीवर बसायचं तर कॅलिपर काढायला हवेत. माझे पाय तोवर घराबाहेर कुणी पाहिले नव्हते. मी पट्टे सोडेना. विजूताई वाळूत माझ्यासमोर बसल्या आणि बायका ओट्यावर बसून गप्पा मारतात तशा वांग्यांच्या भावाविषयी आईशी बोलत राहिल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कंटाळून मीच पट्टे सोडले. त्यांनी कॅलिपर उचलले आणि ओला टॉवेल टांगावा तसे सुरूच्या फांदीला टांगून टाकले. कळंबचे भास्करभाऊ मासेमारी करणारे. शिबिराचे दिवस ते होडी सोडून आमच्यासोबत असत. म्हैस ओढताना म्हणाले, "बाय, अंग सैल सोड. पानी माणसाला धरतं. आपन पान्याला धरायला गेलो की बुडतो."

छातीपर्यंत पाणी आलं, तेव्हा विजूताईंनी मला खुर्चीतून उचलून पाण्यावर आडवं धरलं. पाठीखाली त्यांचा तळहात होता. वर आभाळ, कानात पाण्याचा आवाज. आणि पाय... पायांना वजनच नव्हतं. जे पाय मी जन्मभर ओढत आले होते, ते माझ्यापुढे आपले आपण तरंगत होते. तळहात कधी काढला, मला कळलंच नाही. किनाऱ्यावर आई ओरडत होती, "अगं, पुरे! आता पुरे!" आणि ओरडत ओरडत, नेसत्या लुगड्यानिशी, स्वतःच कमरेपर्यंत पाण्यात आली होती. मी तिला इतक्या मोकळेपणी हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

विजूताई देवमाणूस वगैरे नव्हत्या. भयंकर तापट. पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करत आणि पकडल्या गेल्या की आपल्यालाच झापत. मात्र कुणी आम्हाला बघायला आलेलं त्यांना चालत नसे. एका वर्षी एक मंडळ बॅनर, फोटोग्राफर आणि केळ्यांच्या टोपल्या घेऊन आलं. केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वसईत केळी वाटायला! विजूताई अध्यक्षांना म्हणाल्या, "केळी आमच्या वाडीतही आहेत. कबड्डीला एक गडी कमी पडतोय, बसा खाली." त्या गृहस्थांना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वाळूत बसावं लागलं आणि सतीशने त्यांचा पाय असा पकडला की पहिल्याच चढाईत बाद. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. या वेळी केळी नव्हती, हाफ पँट होती.

मग वर्षं गेली. मी बँकेत लागले. वाडी विकली गेली, तिथे सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी कॉटेज उभी राहिली. शिबिर कधी या शाळेच्या पटांगणात, कधी त्या हॉलमध्ये असं हिंडत हिंडत थांबलं. आणि निवृत्तीनंतर थोड्याच काळात विजूताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वसईजवळच्या होळी गावात भावाच्या कुटुंबाबरोबर त्या राहायच्या. तिथे त्या खोलीत गेल्या त्या बाहेरच येईनात. नितीनने हौसेने नव्या ट्यूब आणून म्हैस पुन्हा बांधली. मी म्हटलं, "चला कळंबला." त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला उचलून नेलेलं कुणी पाहायचं नाही."

"आम्हाला तर कितीदा उचललंत तुम्ही!"

"तुझं वेगळं, नंदा. तुला तुझ्या पायांची सवय होती. मला माझ्या पायांची सवय आहे."

मी वाद घातला नाही. पण एका रविवारी नितीन आणि स्मिताबरोबर मीच कळंबला गेले, मनसोक्त भिजले आणि परतताना ओल्या केसांनिशी त्यांच्या खाटेशी जाऊन बसले. मनात काही योजना नव्हती, निरोप घ्यायचा होता एवढंच. विजूताईंनी डावा हात पुढे केला, माझी वेणी धरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "दिनू असंच करायचा."

दिनू त्यांचा धाकटा भाऊ. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलणं अस्पष्ट. मे महिन्यात घरातली सगळी पोरं बैलगाडीत बसून समुद्रावर जात. दिनूला कुठे न्यायचं, म्हणून त्याला ओटीवर ठेवत. "आम्ही परत आलो की तो प्रत्येकाला जवळ बोलवायचा आणि केस हुंगायचा. आम्हाला गंमत वाटायची. आम्ही रांग लावायचो..." विजूताईंनी माझी वेणी सोडली. "तो गेल्यावर कळलं मला. त्याला तेवढाच समुद्र मिळायचा." इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी उठायला लागले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी भरती कधी आहे?"

त्या रविवारी भास्करभाऊंनी म्हैस ओढली. नितीनने विजूताईंना पाण्यावर आडवं धरलं. विजूताईंचं तोंड एका बाजूने वाकडं झालेलं, त्यामुळे त्या हसतायत की रडतायत ते नीट कळेना. "हात काढ," त्या नितीनवर खेकसल्या. "मी शिकवलंय तुला. हात काढ." त्याने हात काढला. आणि त्या तरंगल्या... त्यानंतर पावसाळा सोडला तर दर महिन्याला गेलो आम्ही. शेवटपर्यंत.

परवा त्यांच्या घरी गेले होते. त्या घराला उंबरा नाही. आम्ही मंडळी कुबड्यांनी, चाकाच्या खुर्चीने येऊ लागलो, तेव्हा विजूताईंनी तो करवतीने कापून काढायला लावला होता. उंबऱ्याशिवाय लक्ष्मी घरात कशी थांबणार म्हणून त्यांच्या आई कितीतरी दिवस बोलल्या नव्हत्या त्यांच्याशी. स्मिता अजून रोज सकाळी, जिथे उंबरा असायला हवा तिथे, जमिनीवरच दोन बोटं हळदकुंकू लावते. माझ्या कुबड्यांचा आवाज अंगणात आला की आतून विजूताईंची हाक यायची, "नंदा, सरळ आत ये. थांबू नकोस." परवा मी दारापर्यंत गेले. जमीन सपाट, अडायला काहीच नाही. तरी मी उभी राहिले, हाकेची वाट पाहत.