हळदीकुंकवाची तपासणी

दाक्षायणी वळसंगची आशाताई, म्हणजे गावची आशा सेविका. अकरा वर्षांत गावातलं एक घर तिला अनोळखी राहिलं नव्हतं; गोळ्या न खाता उशीखाली कोण लपवतं, हेसुद्धा तिला ठाऊक. पण कॅन्सरच्या तपासणीला बाया गोळा करायच्या म्हटलं की ती हात टेकायची. मागच्या खेपेला तपासणीची गाडी पंचायतीसमोर, पुरुषांच्या पाराला लागूनच उभी केलेली. दिवसभरात चार बाया आल्या, त्यातल्या दोघी बीपी मोजून माघारी.

शेजारची बसव्वा तर तोंडावरच म्हणाली, “दुखत न्हाय, खुपत न्हाय. तपासलं की कायतरी निघतंय बघ. त्यापरीस न तपासल्यालं बरं.”

म्हणून यंदा संक्रांतीनंतर दाक्षायणीनं शाळेच्या हॉलमध्ये हळदीकुंकूच ठेवलं. वाणाला स्टीलच्या वाट्या, आणि पडद्याआड तोंडाची नि छातीची तपासणी.

एकशे बारा बाया आल्या. डॉक्टरीणबाई खूश, फोटोवर फोटो. दाक्षायणीचे डोळे मात्र गर्दीत नागव्वाला शोधत होते. जन्मभर मिश्री लावलेली नागव्वा, गालाच्या आत पांढरा चट्टा, दोन महिने भाकरी दुधात कुस्करून खात होती. खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. ती आली नाही. चार वाजता गाडी निघून गेली.

दाक्षायणी तडक तिच्या अंगणात. नागव्वा तूर पाखडत होती.

“अक्का, तीनदा सांगून गेले की. का न्हाय आलासा?”

“कुंकवाच्या कार्यात माझं काय काम गं?” नागव्वानं सूप थांबवलंसुद्धा नाही. “मालक जाऊन नऊ वर्सं झाली. मी दारात दिसले असते, तर तुज्याच बाया कुजबुजल्या असत्या.”

दाक्षायणीच्या डोळ्यांपुढून एकशे बारा कपाळं गेली, सगळी कुंकवाची. स्वतःच्या वहीत नावानिशी लिहिलेल्या विधवांपैकी एकही नाही. इतकी वर्षं दारोदार फिरून ही अक्कल! राग नागव्वावर काढायला आली होती, तो आता कुणावर काढणार?

“पुडली गाडी कदी?” नागव्वानं विचारलं.

“तीन महिन्यांनी.”

“मग बघू की तवा.”

“न्हाय. उद्या माझ्यासंगं सोलापूरला. सरकारी दवाखान्यात.”

“आन् ही तूर? सुनंला सूप धराया येत न्हाय.”

दाक्षायणीनं तिच्या हातातलं सूप ओढून घेतलं, पदर खोचला आणि खाली बसून पाखडायला लागली. रागारागानं. निम्मा कोंडा तिच्याच अंगावर येत होता.

“आगं, वाऱ्याच्या उलटं बसलीस.”

ती सरकली नाही. नागव्वानं तिच्या पदरावरचा कोंडा झटकला. मग ओठ फारसे न उघडता पुटपुटल्यासारखं म्हणाली, “सातच्या एसटीला कालेजची पोरं असत्यात, बसाया मिळत न्हाय. साडेआठची धरू.”