बांधावरच्या बोरीचा पाइप

सर्जेराव पोकळे यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली आणि पुढे ती टिकली तीही भांडणावरच. भांडणाचा विषय असा, की त्यावरून धायरीत याआधी कोणी तोंड उघडलं नसेल. तंबाखू ओढायचा पाइप ज्या लाकडाचा करतात, त्या लाकडाचं गाव कोणतं, याने काही फरक पडतो का?

मी म्हणायचो, पडतो. सर्जेराव म्हणायचे, "काडीचा फरक पडत न्हाय."

मी ओगले, मुक्काम कोथरूड. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली म्हणून पुण्याच्या कडेला धायरीत भाड्याने राहायला आलो. कोथरूडच्या मंडळींना हे सांगितलं की ती "अरे वा" म्हणतात, पण स्वर सांत्वनाला आल्यासारखा असतो. तर इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात दुपारी इमारतीच्या मागून यंत्राची घरघर सुरू झाली आणि मी झोप मोडल्याची तक्रार करायला खाली उतरलो. कंपाउंडच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. आत बनियनवर एक म्हातारा लेथवर वाकून काहीतरी कातत होता. माझ्या तोंडात पाइप होता आणि त्याच्या हातातही पाइपच होता, अर्धामुर्धा. तक्रार राहिली बाजूला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नमस्कारबिमस्कार न करता म्हणाला, "नळी वाकडी बसलीय तुमची. काढा, नीट करून देतो."

आमची इमारत सर्जेरावांच्याच शेतावर उभी आहे. त्यांना त्यात फ्लॅट मिळाले, वर ही शेड. पण ते स्वतः शेतात फारसे राबलेच नव्हते. उभी हयात गेली हडपसरकडच्या एका फाउंड्रीत, पॅटर्न मेकर म्हणून. लोखंडात जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब घडवायचा आणि त्याच्याभोवती वाळू दाबून साचा करायचा, हे त्यांचं काम. उजाडायच्या आत बसने निघायचे, अंधार पडल्यावर यायचे. शेत बघितलं ते त्यांच्या बायकोने, शकूवहिनींनी. फाउंड्रीतल्या एका इंजिनिअरचा पाइप तुटला, तो सर्जेरावांनी असा जोडला की त्या माणसाने खूश होऊन पाइपच्या लाकडाचे, म्हणजे ब्रायरचे, दोन-चार ठोकळे आणून दिले. तिथून हा नाद लागला. निवृत्तीनंतर सून शेफालीने फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि कुठून कुठून मागण्या येऊ लागल्या.

ब्रायर ही काय चीज आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं मात्र त्या शेडमध्ये. भूमध्य समुद्राच्या काठी खडकाळ टेकड्यांवर एक झुडूप वाढतं. वरून दिसायला अगदीच किरकोळ. शेळ्या ते खातात, माणसं तोडतात, वणवे जाळतात, आणि ते दर वेळी खालून पुन्हा फुटतं. खोड आणि मुळं भेटतात तिथे, जमिनीच्या पोटात, त्याची गाठ धरते. चाळीस-पन्नास वर्षं ती अंधारात वाढत राहते. मग ती खणून काढतात, तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात. त्यानंतर त्या लाकडात रोज निखारा ठेवा, ते जळत नाही.

सर्जेरावांनी एक ठोकळा उचलून ओल्या फडक्याने पुसला. कोरडा होता तेव्हा ते नुसतं मळकट लाकूड होतं. पाणी लागल्याबरोबर आतून रेघा वर आल्या, शेकडो, केसासारख्या बारीक, सगळ्या एका दिशेने उठलेल्या. माझ्या तोंडून "अहाहा" निघालं. मी सहसा "बरं आहे" याच्यापुढे जात नाही.

"कुठला हा?" मी विचारलं.

"ड्रममधला," सर्जेराव म्हणाले.

हेच आमच्या भांडणाचं मूळ. ठोकळे येत कॉर्सिकाहून, ग्रीसहून, अल्जीरियाहून, इटलीहून, आणि हे गृहस्थ सगळे एकाच निळ्या ड्रममध्ये ओतत. शेफाली डोकं धरायची. "बाबा, कस्टमर ओरिजिन विचारतात. लिस्टिंगमध्ये काय टाकू मी?"

"टाक, धायरी."

मी त्यांना समजावलं. माझ्याकडे एक जुना कॉर्सिकाचा पाइप आहे, त्याच्या धुराला शेवटी शेवटी बदामाची चव येते. ती तिथल्या मातीची. सर्जेराव म्हणाले, "मग बदाम खावा की." त्यांचं म्हणणं एकच होतं: लाकूड उकळलं किती, वाळवलं किती, कापलं कसं, ते बघा, उगवलं कुठं हे कोण बघतं! मी म्हटलं, सर्जेराव, आंबासुद्धा कुठला आहे ते विचारून घेतात. तर ते एकदम उसळले.

"गावाची चव राहत असती ना साहेब, तर तुमच्या फ्लॅटात ज्वारीचा वास आला असता. तुम्ही झोपता तिथं आमचं खळं हुतं. येतो का वास?"

"वास येतो तो शेजारच्यांच्या फोडणीचा," मी म्हटलं. पण ते हसले नाहीत. हा वाद पाइपचा नाही, एवढं मला तेव्हा कळलं. जमिनीच्या कागदावर सही त्यांची होती. शकूवहिनींना कोणी विचारलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

शकूवहिनी शेडमध्ये कधी पाऊल टाकत नसत. तंबाखूचा त्यांना भारी तिटकारा. पाइपांना त्या "राखंची भांडी" म्हणत. चहा आणला तरी कप बाहेरच्या दगडावर ठेवून हाक मारायच्या आणि परत फिरायच्या. चालताना त्या डावी टाच जरा उचलूनच टाकत. मी आपलं समजलो, वय झालं.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली होती. शेताचा जुना बांध. मोजणीत कशी कोण जाणे, ती सुटली होती. तिच्यावर एक बोर होती. झाड म्हणावं असं काही नाही, नुसतं काटेरी जाळं. सर्जेराव सांगायचे, की ह्या बोरीने शकूचा जन्मभर जीव खाल्ला. दर उन्हाळ्यात वहिनी ती कोयत्याने सपासप तोडायच्या, बांध पेटवून द्यायच्या, आणि ज्येष्ठ संपायच्या आत बोर पुन्हा हिरवीगार. "माझ्याबरुबर म्हातारी हुणार ही सटवी," असं वहिनी म्हणायच्या.

मग ड्रेनेजची लाइन टाकायला जेसीबी आला. त्याने बोर मुळासकट उपटली. मी गच्चीवरून बघत होतो. वरची फांदोरी माणसाच्या उंचीचीही नव्हती, पण खालून जी गाठ बाहेर आली ती रांजणाएवढी. जेसीबीवाल्यालाही ती एका दमात उचलेना. शकूवहिनी गॅलरीत उभ्या होत्या. जन्माची वैरीण गेली, तर बाई खूश होईल असं मला वाटलं. त्या वळल्या. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी सर्जेरावांनी मला शेडमध्ये बोलावलं. गाठ त्यांनी मजुरांकडून हातगाडीवरून आणवून गोणपाटाखाली दडवली होती. "हिला सांगितलंय, डंपरमधनं गेली म्हणून," ते म्हणाले. मग करवतीने त्यांनी गाठीचा एक काप काढला आणि ओल्या फडक्याने पुसला.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना नावं ठेवली आहेत. त्या कापाला नाव ठेवायला मला जागा सापडली नाही. तांबूस लाकूड, त्यात पीळ घेत वर चढलेल्या रेघा, आणि मधूनमधून आडव्या, काळ्या, बारीक खुणा. सर्जेरावांनी एका खुणेवर अंगठा ठेवला.

"ह्यो एक जाळ," ते म्हणाले. अंगठा पुढे सरकवला. "ह्यो एक जाळ. साहेब, हे समदं शकूचं काम हाय. मी तवा हडपसरला हुतो."

इतक्या वर्षांचे उन्हाळे होते तिथे, एकाखाली एक. एका बाईने लावलेली आग आणि त्या आगीला न मरणारं एक झुडूप. मी ज्या कॉर्सिकाच्या टेकड्यांबद्दल तावातावाने बोलायचो, तेच सगळं माझ्या बेडरूमपासून हाकेच्या अंतरावर चाललं होतं. मी तो काप हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"हिचा पाइप करणार," सर्जेराव म्हणाले. "शकूला द्यायला."

"धन्य आहे. ज्या बाईला तंबाखूचा वास सहन होत नाही तिला पाइप! लाटणं करा ना."

"लाटणं कुठल्याबी लाकडाचं हुतंय," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "मला आणि काय करता येतं? जमीन तिनं राखली, इकली मी. परत देण्याजोगं एवढंच उरलंय. पण आगीत टिकलं पायजे. तिनं एवढ्यांदा जाळली, टिकली. माझ्या हातात आल्यावर जळून गेली तर कुठल्या तोंडानं देऊ?"

शकूवहिनी लेकीकडे गेल्या होत्या तेव्हा सर्जेरावांनी गाठीचे तुकडे तांब्याच्या जुन्या बंबात उकळून घेतले. मग वाळवण. पहिल्या पावसाळ्यातच निम्मे तुकडे तडकले. दर महिन्याला मी विचारायचो आणि ते एकेक तुकडा कानाशी धरून टिचकी मारायचे, मान हलवायचे आणि तो कोपऱ्यात टाकायचे. दुसरा पावसाळा सरला तेव्हा एकच तुकडा शाबूत होता. ब्रायर बिघडलं तर ड्रममध्ये दुसरं असतं. याला दुसरं नव्हतं. त्याचं भोक पाडताना त्यांनी मला शेडबाहेर उभं केलं, म्हणे तुमचा श्वास मधे येतो. ऐकून घेतलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी पाइप तयार झाला. लहान, जड, पॉलिश नाही, नुसता हाताने घासलेला. एक काळी रेघ तंबाखू भरायच्या वाटीच्या कडेवरून खाली उतरत होती. सर्जेरावांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना धूर बंद केलेला, तेव्हा पेटवायचं माझ्याकडे आलं. मी मुंज झाल्यापासून इतक्या गांभीर्याने काही पेटवलं नसेल.

तंबाखू भरली, काडी ओढली. सर्जेरावांनी बोटं वाटीला लावून ठेवली, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. निखारा खाली उतरत गेला. कुठे चटका लागला, की लाकूड तिथे जळतंय असं समजायचं. अर्धी वाटी झाली. पाऊण झाली. ते बोटं फिरवत राहिले. शेवटी त्यांनी हात काढला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"टिकला," ते म्हणाले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मग लेथवरचा भुसा उगाचच झटकत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि चव? काय लागतंय?"

गावाची चव लागत नाही म्हणून माझ्याशी इतकी वर्षं भांडणारा माणूस हा. मी डोळे मिटले. पुन्हा एक झुरका घेतला. मला माती हवी होती, ज्वारी हवी होती, काहीही चाललं असतं. पण पाइपच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

"तंबाखूची," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि काही नाही, सर्जेराव."

"मी काय सांगत हुतो," ते म्हणाले. वाद ते जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. मलाही माझी बाजू खरी ठरावी असं इतकं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर कपबशीचा आवाज झाला. शकूवहिनी चहा घेऊन पार्किंगमधून येत होत्या, त्या मध्येच थांबल्या होत्या. त्या शेडकडे बघत नव्हत्या, आमच्याकडेही नाही. भिंतीपलीकडे बघत होत्या, जिथे आता काँक्रीटचा रस्ता आहे आणि कोणाच्या तरी मोटारी उभ्या असतात.

"अवं," त्या म्हणाल्या, "बांध कुणी पेटवला?"

वहिनींनी हवेत नाक उंचावून वास घेतला. "बोर जळतीया," त्या म्हणाल्या. "कुणी पेटवली?"

गाठ शेडमध्ये आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. गावाची चव असतेच. ती कळायला तिथे राबावं लागतं, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही तिथे राबलेलं नव्हतं.

सर्जेरावांनी माझ्या हातातून पाइप घेतला आणि दारापर्यंत जाऊन तो दोन्ही हातांनी पुढे धरला. मीच सांगितलं, कशाचा आहे ते. वहिनींनी चहा खाली ठेवला आणि उंबरा ओलांडून आत आल्या. पाइप पदरात घेतला, कारण तो गरम होता. त्या काळ्या रेघेवरून त्यांचं बोट हळूहळू खाली गेलं.

"हिचा काटा अजून हाय माझ्या टाचंत," त्या म्हणाल्या. "निघालाच न्हाय."

मग त्या लेथशेजारच्या स्टुलावर बसल्या, वाटीत डोकावल्या आणि पाइप माझ्यापुढे केला.

"इझलाय बगा, भावजी. परत पेटवा की."