चार भाकऱ्यांची फिल्म

डार्करूममध्ये हातांना काम असतं, डोळ्यांना फारसं नसतं, म्हणून तोंडं सुटतात. भोरला सत्तारचाचांच्या मोरीत, खिडकीला गोधडी लावून, मी दोन वर्षं फिल्म धुवायला शिकतोय. तिथं किस्से फोटोंपेक्षा जास्त निघालेत. चाचांचा स्टुडिओ कधीच बंद झाला, मी शिकायला गेलो तेव्हा काचबिंदूनं नजरही चालली होती. ती जायच्या आत मला सगळं शिकवायचं आणि चाचीचा एक चांगला फोटो काढायचा, एवढेच हट्ट उरले होते. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं टिपली, पण चाचीचा फोटो रेशनकार्डावरचा तेवढा. चाची म्हणायची, "आदी गिऱ्हाईक बगा." गिऱ्हाईक तर मी एकटाच!

*

फोटोचा कागद पुण्याहून मागवला होता. उजेड लागला की तो बाद. नसरापूरला पार्सल देताना टेम्पोवाले बबनराव हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमाला फसवलंय. म्या काळं पाकीट फोडून एकेक कागद उन्हात धरून बगितला. समदे कोरे!"

दुकानदारापुढं साक्षीला यायचीही त्यांची तयारी होती.

*

फिल्म औषधात किती वेळ ठेवायची, हे चाचा घड्याळावर बघत नाहीत. चाची चुलीपुढून भाकऱ्या मोजत हाका देते. चार झाल्या की फिल्म बाहेर. एकदा तिची बहीण आली, गप्पा रंगल्या आणि चौथी भाकरी तव्यावरच राहून करपली. फिल्म काळीठिक्कर! चाचांनी बाहेर येऊन ताट चाचपलं आणि म्हणाले, "भाकरी बी त्याच मापाची हाय."

*

पासलीत भातलावणीचे फोटो काढले. चिखलातल्या हिराबाई हात पुसत म्हणाल्या, दाखवा. म्हटलं, यात लगेच दिसत नाही, पंधरा दिवस लागतील. रोल संपायलाच दिवाळी आली. फोटो घेऊन गेलो तर खळ्यावर भाताची झोडणी चाललेली. हिराबाईंनी तो सुनेला दाखवला, परत हातात घेतला.

"लई ग्वाड आलाय. पर तुमच्या फोटूपरीस भात आदी आला."

निघताना नव्या तांदळाची पिशवी त्यांनी माझ्या गाडीला अडकवली.

*

किकवीला आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचा निरोपसमारंभ होता. कॅमेऱ्याचा आकडा चाळीसवर गेला तेव्हा मी कॅमेरा उघडून बघितला. रोल छत्तीसचा, आणि आत तो चक्रीवर अडकलाच नव्हता, म्हणजे एकही फोटो आला नव्हता! रडवेला होऊन चाचांकडं गेलो.

"छत्तीसात चाळीस? बरकत हाय तुज्या हाताला," चाचा म्हणाले.

रागावले नाहीत. समोर बसवून, डोळे मिटायला लावून, बोटांना सवय होईपर्यंत रोल भरायला लावला. असा गुरू मिळायला नशीब लागतं, आणि ते मला लाभलं.

*

यंदाच्या उन्हाळ्यात चाची एकदाची तयार झाली. तोवर चाचांना फक्त उजेड आणि सावली कळत होती. ती अंगणात स्टुलावर बसली, तीनदा पदर सावरला. चाचांनी तिला बोलत राहायला सांगितलं, आवाजावरून अंतर ठरवलं आणि बटण दाबलं. रोलवर तेवढी एकच जागा उरली होती.

मोरीतल्या लाल दिव्यात चाची पहिल्यांदाच आली. मी कागद औषधात सोडला, चाचा ट्रे हलवू लागले. आधी पदर आला, मग कान, मग चेहरा. चाची वाकून बघत राहिली.

"अवं, माजं डोळं मिटल्यात ह्यात."

चाचा ट्रे हलवतच होते.

"ऱ्हाऊ दे. माजं बी मिटल्यालंच हुतं."