असली तर घे, नसली तर चल

ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणतात. वय बेचाळीस. पण कुणाचं काही अडलं की खुर्ची ओढून शेजारी बसतात, म्हणून काका. मी साहित्य शिकून इथे स्क्रीनवरच्या सूचना लिहायला आलो. कंटेनर, म्हणजे प्रोग्राम लागणाऱ्या सामानासकट भरून पाठवायचा डबा, कसा बांधतात, ते त्यांनीच शिकवलं.

"सुताराच्या दोन खोल्या समज. पहिलीत करवत, भुसा, सगळा पसारा. दुसरीत फक्त तयार खुर्ची न्यायची. गिऱ्हाइकाला दुसरीच दाखवायची."

"आणि नेताना एखादी वस्तू सापडलीच नाही तर?"

"तर बिल्ड, म्हणजे ही डबा बांधायची सगळी क्रिया, तिथेच फतकल मारून बसतं."

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांत चालतं. कोणत्या औषधासोबत कोणतं द्यायचं नाही, याच्या नियमांची फाईल काही दवाखाने देतात, काही देत नाहीत. नसली की बिल्ड अडायचं. काकांनी तोड काढली. हमखास असणाऱ्या फाईलच्या जोडीला या नियमांच्या फाईलचं नाव लिहायचं, नावाच्या शेवटी तारांकन. असली तर येईल. नसली तर कुणी हूं की चूं करणार नाही.

घरीही तेच. मुलगी जेवायला आली तर आली. "तुमचं मेलं कशावाचून अडतच नाही," काकू म्हणायच्या. काका हसायचे.

मागच्या आठवड्यात त्यांनी पहिल्या टप्प्यातले, म्हणजे पसाऱ्याच्या खोलीतले, फोल्डर आवरले. एका दवाखान्याची नियमांची फाईल नव्या जागी गेली. दुसरा टप्पा तिला जुन्याच जागी शोधत राहिला. सापडली नाही. तरी बिल्ड हिरवं, म्हणजे सगळं ठीक.

त्या दवाखान्यात एका बाईंना रक्त पातळ करणारं औषध चालू होतं. त्यासोबत चालत नाही असं अंगदुखीचं औषध दिलं गेलं. नियमच आले नव्हते, म्हणून इशारा द्यायची स्क्रीन गप्प राहिली. बाईंच्या पोटात रक्तस्राव झाला.

"सिस्टिमनं थांबवायला नको होतं का?" साहेबांनी विचारलं.

"थांबवत होती," काका म्हणाले. "मीच तिला सांगितलं, थांबू नकोस."

"हे बाहेर बोलू नका. वकील बघतील."

काका जागेवर आले. तारांकन काढलं. ज्या दवाखान्यांचे नियम नाहीत, त्यांनीही 'नियम नाहीत' असं लिहिलेली फाईल द्यायची. नाही दिली तर बिल्ड बंद. त्यांनी चालवून पाहिलं. लाल. ते त्या लाल ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येतोस माझ्याबरोबर?"

अतिदक्षता विभागाबाहेर बाईंचे यजमान बसले होते. मांडीवर चपलांची पिशवी. बायकोच्या चपला. भेटायला आलेले समजून त्यांनी सरकून जागा केली.

"बसा ना."

मी बसलो. काका उभेच राहिले.

"डॉक्टर काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"अजून काही सांगत नाहीत. तुम्ही तिच्या ऑफिसातले का?"

"नाही," काका म्हणाले. "आधी माझं ऐकून घ्या. मग मी बसायचं की नाही, ते तुम्ही सांगा."