डोमित्सेले आणि सालीखालची अळी

आमच्या शेजारच्या डोमित्सेलेला अळीची भारी किळस. लिथुआनियाच्या या दक्षिण भागात रानातली आळंबी कुणाला नको असतात? पण ती एकेक आळंबं चिरून बघायची आणि एक भोक दिसलं तरी अख्खी टोपली उकिरड्यावर ओतायची. नवरा लिउद्विकस मात्र जन्मभर रानातले किडे ओळखत आलेला.

त्याच्या डोळ्यांवर पडदा येऊन दिसेनासं झालं त्याच वर्षी तळ्याकाठचे वठलेले पाइन तोडायचं ठरलं. त्यांच्या सालीखाली एक दुर्मिळ भुंगेरा राहतो, असा लिउद्विकसचा अंदाज होता. त्याचं कुळ एवढंसं, जगभरात मोजक्याच जाती. त्याची अळी वनखात्याला दाखवली तर तोड थांबणार होती.

"तू जा," तो म्हणाला.

"मेले तरी नाही."

मग तो स्वतःच काठी घेऊन निघाला आणि कपाळ फोडून परत आला. डोमित्सेलेनं पट्टी बांधली, सुरी, चमचा आणि बरणी उचलली आणि त्याला शिव्या घालत रानात गेली.

साल उचकटली तर आत ओली काळी घाण, सडक्या बटाट्यांचा वास, आणि त्यात चपट्या अळ्या. ती तिथंच ओकली. मग चमच्यानं दोन अळ्या बरणीत ढकलल्या.

घरी टेबलावर भिंग लावून बसली.

"काय दिसतं?" लिउद्विकसनं विचारलं.

"घाण. पिवळी, वळवळणारी."

"शेपटाचा खंड आधीच्यापेक्षा लांब आहे?"

"बराच."

"मग ती लाल भुंगेऱ्याची. आपली नव्हे. दुसरी बघ."

तिनं तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला. "हिचा आखूड आहे. टोकाला दोन आकडे, वर वळलेले. शी."

तो टेबलाकडे झुकला. मग हळूच म्हणाला, "परत बघ."

"परत बघितलं तर तुझ्या मांडीवर ओकेन."

तरी तिनं बघितलं. तेच आकडे.

वनखात्याचा माणूस येऊन खात्री करून गेला आणि झाडं वाचली. डोमित्सेलेनं चमचा, बरणी फेकली, टेबलावरचं कापड चुलीत घातलं. आठवडाभर तिच्या घशाखाली शेवया उतरल्या नाहीत.

"तुझी नजर चांगली आहे गं," लिउद्विकस म्हणायचा.

"असल्या कामाला दिलेली नाही ती."

पुढच्या वसंतात पलीकडच्या टेकडीवर तोड निघाली. तो ओंडक्यावर बसून विचारायचा, आणि ती रबरी हातमोजे घालून, नाक मुरडत एकेक शेपूट सांगायची. परतताना त्यानं हात धरायला पुढे केला की म्हणायची, "आधी घरी जाऊन साबण लावू दे."