चिमा वर काऊन नाई जात?

"करून पाह्यलं का?" असं विचारून मॅडमनी आपल्या हातातली पेन्सिल काढून घेतली की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. पेन्सिल त्यांच्या अंबाड्यात जायची आणि आपल्याला शाळेच्या मागे जावं लागायचं. माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली ती एका पेरूच्या झाडामुळे. मी फांदीला उलटी लटकलेली एक मुलगी काढली होती. चित्र बरं जमलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, "लटकल्यावर फ्रॉक कुठी जाते? करून पाह्यलं का?"

मी तेव्हा तिसरी-चौथीचा मास्तर, मिशा असलेला माणूस. फ्रॉकचा मला काय अनुभव! पण थोड्याच वेळात मी पेरूच्या फांदीला गुडघे अडकवून लटकत होतो, शर्ट तोंडावर आला होता आणि शर्टाच्या बाहेरून मॅडमचा आवाज येत होता, "पाह्यलं? सारं तोंडावर येते. चिमाला चड्डी घाला अन् शर्ट खोसा." नेमके त्याच वेळी मंडळाचे, म्हणजे इकडच्या तालुक्याचे, शिक्षणाधिकारी शाळा बघायला आले. ते तेलुगू माणूस. उलट्या मास्तराकडे बघून त्यांनी हेडमास्तरांना हळूच विचारलं, "सारकु एमैंदी?" म्हणजे सरांना काय झालं. हेडमास्तरांनी मॅडमसोबत बरीच वर्षं काढलेली. ते शांतपणे तेलुगूतच म्हणाले, "काही नाही. पुस्तक लिहिताहेत."

तर ही चिमा कोण, ते सांगतो. राज्याच्या हद्दीपलीकडे, तेलुगू मुलखात, इचोड्याच्या अलीकडे हायवे सोडून आत आलं की आमचं गाव आहे आणि गावात सरकारी मराठी शाळा. तिथे मॅडम पहिलीला होत्या. पोरं त्यांना टीचर म्हणायची आणि मला सार. पहिलीच्या पोरांना नुकती अक्षरं लागायला लागली की वाचायला हातात काही द्यावं, तर मराठीतलं तसं पुस्तक इकडे मिळत नाही. शाळेच्या पेटीत होती ती सगळी तेलुगू. मॅडमच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात काम केलं, त्यांच्या घरात पहिलं पुस्तक आणलं ते मॅडमनीच. म्हणून असेल, पण पुस्तक नाही यावर रडत बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं.

एका पानावर एकच वाक्य, वाक्यात तीन-चार शब्द, खाली माझं चित्र. इचोड्याला झेरॉक्स काढायचं, मधोमध स्टेपलर मारायचं, झालं पुस्तक. प्रत्येक पुस्तकात चिमा नावाची पहिलीतली मुलगी काहीतरी धाडस करायची. वर्गात एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी ही पुस्तकं लटकत असत. पोरं पिकलेल्या बोरांवर पडावीत तशी त्यांच्यावर पडायची.

आणि मॅडमचा नियम एकच. चिमा जे करणार, ते आधी आपण करून बघायचं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर ऐका. चिमा कणगीत लपते, असं पुस्तक ठरलं. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, अंगाने चांगल्या भरलेल्या आमच्या मॅडम एका पालकाच्या घरी जाऊन रिकाम्या कणगीत उतरल्या. उतरल्या त्या उतरल्याच. वर येईनात. घरात एक म्हातारी तेवढी होती. ती काठी टेकत आली, आत डोकावली आणि म्हणाली, "मॅडम, तुरी पाह्यजे होत्या तं मागून घ्याच्या असत्या. अशा आत काऊन गेल्या?" शेवटी गाव गोळा झालं आणि कणगी आडवी केली तेव्हा मॅडम घरंगळत अंगणात आल्या, पदर झटकला आणि मला म्हणाल्या, "लिहा. चिमा कणगीत शिरली. चिमा कणगीत अडकली." त्या पुस्तकावर पोरं महिनाभर हसत होती. हसणारच, सगळ्या गावाने बाहेरून ते पाहिलं होतं.

ट्रकचं पुस्तक होतं तेव्हा आम्ही इचोड्याच्या एका ढाब्यावर गेलो. नागपूरकडे निघालेला एक ट्रक उभा होता, चाकं माझ्या छातीपर्यंत येणारी. ड्रायव्हर चहा पीत बसला होता. मॅडम सरळ त्याच्यापुढे जाऊन म्हणाल्या, "भैया, एक बार हॉर्न बजाने दो. किताब में लिखना है." ड्रायव्हरने त्यांना नखशिखांत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "एक बार क्यों मैडम, दो बार बजाओ!" तो हॉर्न असा काही वाजला की ढाब्यावरची कुत्री पळाली आणि वाढप्याच्या हातातली दाल एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर गेली. मॅडमचा चेहरा मात्र दिवाळीतल्या लहान पोरासारखा झाला होता. त्यांनी तिसऱ्यांदाही वाजवला.

सगळंच पुस्तकात जायचं असंही नाही. त्यांचा भाऊ भैंशाला जिनिंगमध्ये कारकून. चिमाने कापसाच्या ढिगात उडी मारावी असं मॅडमच्या मनात होतं. भावाला दोरी धरून उभं केलं आणि यांनी उडी घेतली. छातीपर्यंत आत गेल्या. कापूस नाकात गेला, तोंडात गेला, श्वास कोंडला. भावाने ओढून काढलं. परत आल्यावर दोन दिवस त्या शिंकत होत्या. माझी चित्रं तयार होती, आणि खरं सांगतो, चांगली होती. मॅडमनी ती टराटरा फाडली.

"अहो मॅडम, किती मजेचं पुस्तक होईल!" मी कळवळून म्हणालो.

"सर, मोठी माणसं वाचतात अन् विसरतात," त्या म्हणाल्या. "हे पोट्टे वाचतात अन् उठतात. लिहिलं ते करतेच पहिलीचं पोरगं."

त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल थोडी कमी केली. फार नाही, थोडीच.

मग प्रणाली आली. समोरचे दोन दात पडलेली, दोन घट्ट वेण्या, आणि त्या वेण्यांहून घट्ट डोकं. एक दिवस सगळी पुस्तकं वाचून झाल्यावर तिने कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "टीचर, चिमा वर काऊन नाई जात?"

"वर म्हंजे?"

"पाण्यात जाते, कणगीत जाते, ट्रकात जाते. वर काऊन नाई जात? पाळण्यात बसवा ना तिला. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात."

केसलापूरची जत्रा तोंडावर आली होती. सगळा वर्ग ओरडू लागला, "पाळणा! पाळणा!" मॅडम हसल्या, पण फळ्याकडे वळल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई तक्ता लावायला कधी स्टुलावर चढली नव्हती. गच्चीवर झेंडा लावायचा तर खाली उभी राहून हुकूम सोडायची. आणि पेरूच्या झाडाला तिने मला का लटकवलं होतं, तेही आता कळलं! मॅडमना उंचीची भीती होती. धाडसाची पुस्तकं लिहिणारी आमची बाई उंचावरून खालची जमीन दिसली की पांढरीफटक पडायची.

जत्रा भरली. पोरं रोज विचारायची, "झालं का पाळण्याचं?" मग एका सकाळी दोरीवर नवं पुस्तक लटकलेलं दिसलं. मॅडमनी घरी बसून लिहिलं होतं, चित्रंही स्वतःच काढली होती. मला विचारलं नव्हतं, यावरूनच मी ओळखायला हवं होतं. पोरांनी गोल केला आणि प्रणालीने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. चिमा पाळण्यात बसली. पाळणा वर गेला. चिमाला शाळा दिसली.

प्रणाली थांबली.

"टीचर, शाळा नाई दिसत. मधी डोंगर हाये. मी कालच मामासंगं बसली होती." तिने पुस्तकाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "तुमी बसल्या होत्या का?"

मॅडम हो म्हणू शकल्या असत्या. सहा वर्षांची पोरगी, काय बिघडलं असतं? मी दारात उभा राहून मनात म्हणत होतो, म्हणा हो, म्हणा. पण त्या म्हणाल्या, "नाई."

मग एक पोरगा म्हणाला, "मंग कणगी बी खोटी?" दुसरा म्हणाला, "मंग ट्रक बी खोटा?" प्रणालीने पुस्तक मिटलं, नीट चिमटा लावून दोरीवर परत लटकवलं आणि जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दोरीजवळ कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सगळ्या चिमा वाऱ्यावर हलत होत्या आणि पोरं मैदानात होती.

मॅडमनी डबा उघडला नाही. मी समजूत घालायला गेलो. "गोष्टच आहे ती, मॅडम. गोष्टीत थोडं इकडेतिकडे चालतं."

"तुमच्या-माझ्या गोष्टीत चालते," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "या लेकरायला आत्ता कुठी अक्षर ओळखू येऊन राह्यलं, सर. अक्षर पहिल्याच वर्षी खोटं बोललं, तं ते पोट्टे त्याच्याकडे परत काऊन जातीन?"

मी त्यांचा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

जत्रा अजून उठली नव्हती. रविवारी मॅडमनी टेम्पो सांगितला. सगळी पहिली, निम्मे पालक आणि मी. आकाशपाळण्याखाली उभ्या राहून त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि लगेच खाली चपलांकडे पाहिलं. मग पदर खोचला. पाळण्यात त्यांच्या शेजारी मी आणि समोर प्रणाली, साक्षीदार म्हणून.

पाळणा हलला आणि मॅडमनी माझी कॉलर धरली. पाळणा वर चढू लागला तशी कॉलर आवळली जाऊ लागली. डोळे त्यांनी गच्च मिटले होते. पहिला फेरा नुसत्या "मायवं! मायवं!" वर पार पडला. दुसऱ्या फेऱ्याला त्या खालच्या माणसावर ओरडू लागल्या, "थांबव रे बाबा! भैया, रोको! आपु! आपवय्या! स्टॉप!" मराठी, हिंदी, तेलुगू, इंग्रजी, जेवढं म्हणून शिकल्या होत्या तेवढं सगळं त्यांनी त्या माणसावर उधळलं. जनरेटरच्या आवाजात त्याला वाटलं, बाई खुशीत आहेत. तो हात हलवून ओरडला, "मैडम के लिए एक राउंड और!"

खाली आमची पोरं उड्या मारत होती. वर प्रणाली दात नसलेल्या तोंडाने विचारत होती, "टीचर, डोळे उघडा ना! काय दिसते?"

"काईच दिसत नाई वो माय!" मॅडम किंचाळल्या. मी हसत होतो, आणि हसताना श्वास घेता येत नव्हता, कारण कॉलर.

खाली उतरल्यावर त्या मातीतच बसल्या. कोणीतरी सोडा आणला. तो प्यायल्या, ढेकर दिला, आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "लिहा, सर."

सोमवारी दोरीवर पुस्तक लटकलं. चिमा पाळण्यात बसली. पाळणा वर गेला. चिमानं डोळे मिटले. चिमा जोरात ओरडली. चिमाला काही दिसलं नाही. प्रणालीने बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि सगळ्यात जास्त मॅडम. प्रणालीने एकदा मागची पानं उलटून पाहिली.

"सारची कॉलर राह्यली," ती म्हणाली.

मॅडमनी तिथल्या तिथे एक पान जोडलं. चिमानं सारची कॉलर धरली. चित्रात मी, मिशा, बाहेर आलेले डोळे, सगळं. चित्र मलाच काढावं लागलं. प्रणालीने ते पान तपासलं आणि मान डोलावली. "हां. आता खरं हाये." जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोरीवर नुसते चिमटे उरले होते. मॅडम त्या रिकाम्या दोरीखाली उभ्या राहून डबा खात होत्या. बसायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. आता पहिली माझ्याकडे आहे. ही पोरं नवी, त्यांनी मॅडमना पाहिलेलं नाही. परवा पाळण्याचं पुस्तक वाचून एकाने विचारलं, "सार, चिमा खरीच होती का?"

"होती की."

"मंग आता कुठी हाये?"

"नांदेडला. लेकीकडे."

चिमाला लेक! पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. "खोटं! सार खोटं बोलून राह्यले!" मी मग कॉलरचं पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. पोरांनी चित्राकडे पाहिलं, माझ्या मिशांकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं. हसणं हळूहळू थांबलं. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी उठली आणि तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "सार, चिमा परत कवा येते?"

मी खडू शोधायच्या निमित्ताने फळ्याकडे तोंड केलं. खडू माझ्या हातातच होता.