डावीकडची खिडकी

दामूमामा गेल्याची तार पुण्यात हातात पडली आणि मिळेल त्या गाडीने मी लोणावळ्याला निघालो. तळेगाव मागे पडल्यावर लक्षात आलं, की एवढ्या घाईतही मी डावीकडचीच खिडकी धरली होती... पुढे लोहगड-विसापूर त्या बाजूला दिसतात म्हणून! अशा वेळी डोंगर कसले बघायचे, याची लाज वाटली, पण नजर काही हटेना. मामांनीच लावलेलं वळण होतं ते.

मामा लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवत आणि वलवणला राहत. प्रवासाला निघताना आधी खिडकीची बाजू ठरायची, मग बाकी सगळं. त्यासाठी त्यांची मोडीत लिहिलेली वही होती. ‘पुण्याहून लोणावळा, डावी. ऊन लागेल, सोसावे.’ ‘लोणावळ्याहून कर्जत, उजवी. दरी चुकवू नये.’ एकदा वऱ्हाडात त्यांनी खुद्द नवरदेवाला उठवून जागा बदलायला लावली होती. मामी म्हणत, "यांच्याबरोबर प्रवास म्हणजे नुसत्या उठाबशा!"

सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या नशिबी चक्क विमान आलं. ज्यांच्या मुलाला ते सुट्टीत शिकवत, त्या मुंबईच्या शेटजींनी खूश होऊन त्यांना मुंबईहून पुण्याला आपल्याबरोबर न्यायचं ठरवलं. मामींनी एकच मागितलं. "मी काही विमानात बसायची नाही. पण वरून आपलं घर कसं दिसतं, तेवढं बघून या. मी अंगणात लुगडं पसरून ठेवते."

"लाल पसर," मामा म्हणाले आणि तयारीला लागले. अधूनमधून मुंबईकडून एखादं विमान यायचं. मामा अंगणात त्याच्याकडे तोंड करून उभे राहत. ते दर वेळी त्यांच्या डावीकडून जाई. ‘ते माझ्या डावीला, म्हणजे मी त्याच्या उजवीला,’ असा मामांनी निकाल दिला. शेजारच्या धोंडिबांचा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला. ते म्हणाले, "न्हाई मास्तर. समोरची गाडी माज्या डावीकडनं गेली, तर मी बी तिच्या डावीलाच की! डावीला बसा."

"धोंडिबा, ही बैलगाडी नव्हे," म्हणून मामांनी त्यांना वाटेला लावलं.

विमानाने जाऊन मामा पुण्याहून परतले त्या संध्याकाळी मी वलवणलाच होतो. मामींनी दारातच विचारलं, "दिसलं?"

"दिसलं म्हणजे काय! लाल लुगडं अगदी कुंकवाच्या टिकलीएवढं!"

मामी आत वळल्या. म्हणाल्या, "पाय धुवून घ्या, चहा ठेवते." पुढे ती टिकली मामांनी गावभर सांगितली. मात्र त्यानंतर गाडीत चढताना ते मामींना विचारू लागले, "कुठल्या बाजूला बसू या?" आम्हाला वाटलं, वय झालं.

तेरावा उरकल्यावर मामींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. "यांची मोडी मला लागत नाही. विमानाचं पान वाच. अरे, त्या दिवशी मी लाल लुगडं पसरलंच नव्हतं. ‘वहिनी, पांढरं लय लांबनं दिसतंय,’ असं धोंडिबा म्हणाले, म्हणून यांचं धोतर पसरलं होतं. टिकली ऐकली तेव्हाच कळलं. पण विमानात एकदाच बसायला मिळालं होतं यांना... कशाला हिरमोड करायचा? आता मात्र वाटतं, वहीत तरी खरं लिहिलंय का बघावं."

पान सापडलं. ‘उजवी’ खोडून ‘डावी’ केलं होतं. ‘धोंडिबाचे खरे. लोहगड पाहिला, घर नाही.’ पुढची ओळ वाचून मी अडखळलो.

"थांबलास का? वाच."

‘हिला सांगू नये. भर उन्हात अंगणात उभी होती.’

मामी आधी खूप हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मलाही आवरेना.

परवा पुन्हा वलवणला गेलो होतो. चहा घेत असताना मुंबईकडून विमानाची घरघर आली. मामी लगबगीने उठल्या, मामांचं धुतलेलं धोतर काढलं आणि अंगणात पसरू लागल्या.

"मामी, आता कोण बघणार?"

धोतराच्या टोकावर दगड ठेवत त्या म्हणाल्या, "या वेळी डावीला बसले असतील."